म्हातारीला घासायचं नाही

माझी वहिनी रसायनशास्त्रज्ञ आहे आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगून झालेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो आणि गणितात नापास व्हायच्या बेतात होतो. तिने पहिल्या दिवसापासून मला ‘भाऊजी’ आणि ‘अहो’ म्हटलं, मी तिला ‘अगं वहिनी’ म्हटलं, आणि दोघांचे केस पिकले तरी ती पद्धत तशीच आहे. ‘अहो भाऊजी, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का?’ हे वाक्य इतक्या आदराने दुसऱ्या कुठल्याही घरात बोललं जात नसेल.

आमच्या घरचे दोन्ही पुरुष एकाच कारखान्यात. दादा क्रोम विभागात, मी मागाहून कंट्रोल रूममध्ये लागलो. साबणात आणि अत्तरात घालायचं वासाचं रसायन आम्ही बनवायचो. एका अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करायचं, म्हणजे त्याच्यावर ऑक्सिजन सोडायचा, की कडू बदामासारखा वास येणारं तेल तयार. हा ऑक्सिजन तेव्हा क्रोमच्या नारिंगी खड्यांतून मिळवायचे. जगाला सुवास देणाऱ्या त्या विभागात एकाचंही नाक धड नव्हतं. क्रोमच्या वाफेने नाकाच्या आतला पडदा झिजतो, मग त्याला भोक पडतं. दादाला लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते पडलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून वहिनीला दाखवलं आणि म्हणाले, ‘‘त्या विभागात हे नेहमीचंच आहे.’’

‘नेहमीचंच’ हा शब्द तिच्या डोक्यात गेला. घरी आल्यावर तिने भांडी इतकी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. ती एका संशोधन संस्थेत होती, तिचा विषय भलताच काहीतरी होता, आणि त्यात बरं चाललं होतं. तिने तो सोडला. क्रोम हद्दपार करायचं आणि सरळ सिलिंडरमधल्या ऑक्सिजनने काम करून घ्यायचं, एवढंच मग तिचं आयुष्य झालं.

पण ऑक्सिजन सहजासहजी कामाला लागत नाही. त्याला उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे काय, असं मी तिला एकदा विचारलं, तर दादाच मधे म्हणाला, ‘‘दोघांत लावून देऊन स्वतः नामानिराळी राहणारी शेजारीण.’’ वहिनी हसली आणि हे बरोबर आहे म्हणाली. शेजारीण बहुतेक वेळा एखादा धातू असते. पण वहिनीला धातू नको होता. धातू मालात उतरतो, सांडपाण्यात जातो, पुन्हा कुणाच्या तरी अंगावर येतो. एक विष काढून दुसरं आणायचं नाही, असा तिचा हट्ट. बरीच वर्षं डोकं आपटून तिने एक काळी पूड तयार केली. विशिष्ट पद्धतीने भाजलेला कोळसा, दुसरं काही नाही. आम्ही घरी तिला काजळी म्हणायचो. ही काजळी घातली की ऑक्सिजन मुकाट्याने कामाला लागायचा. जगभरच्या मासिकांत तिचे लेख आले, एक मोठा पुरस्कार मिळाला. पुरस्कार घ्यायला जाताना दादाने माझा कोट घातला आणि तो त्याला मागून उसवला, ते वेगळं.

हे सगळं काम एका पोलादी भांड्यात चालायचं. दाबाखाली काम करायला संस्थेत तेवढं एकच होतं, जाड भिंतीचं, वरून नटबोल्ट आवळून झाकण बसवायचं. वहिनीच्या सरांनी निवृत्त होईपर्यंत त्यात कोबाल्टचं काम केलं आणि मग ते हिच्याकडे आलं. त्याचं नाव म्हातारी. वहिनीच्या हाताखाली जो कोणी नवा यायचा त्याला पहिला धडा म्हातारीचा मिळायचा: काम झालं की स्पिरिटने विसळायची, पुसायची, बस्स. ॲसिडने घासायची नाही, घासली की रुसते. एकदा कुणीतरी उत्साहाच्या भरात ती ॲसिडने चकचकीत करून ठेवली होती, तर पुढे बरेच दिवस आत काही घडेचना. सगळे तिची मनधरणी करत बसले. मग हळूहळू ती ताळ्यावर आली. वहिनी हा किस्सा पाहुण्यांनाही सांगायची आणि सांगताना दर वेळी खो खो हसायची.

आमच्या कारखान्याच्या प्रमुखांना आम्ही आत्तासाहेब म्हणायचो, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट आत्ता हवी असायची. माणूस वाईट नव्हता, पण त्याला धीर हा अवयवच नव्हता. क्रोमचं सांडपाणी टाकायला जागा उरली नाही, वरून नोटिसा यायला लागल्या, तेव्हा त्यांना वहिनीची आठवण झाली. मोठ्या भांड्यात एकदा करून दाखवा, जमलं की क्रोम विभागाला त्याच दिवशी कुलूप, असा शब्द त्यांनी दिला. इकडे संस्थेनेही वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं की इतक्या वर्षांत एकही कारखाना उभा राहिला नाही, आता राहिला नाही तर तुमचा विभाग बंद. म्हणजे कुलूप लागणार हे नक्की होतं, फक्त कुठे लागणार तेवढं ठरायचं होतं.

चाचणीच्या दिवशी पॅनेलवर मी होतो. मागे वहिनी उभी, तिच्यामागे आत्तासाहेब येरझाऱ्या घालत. काचेपलीकडे नवं कोरं भांडं, दोन मजली. कारखान्यात मी तिला ‘मॅडम’ म्हणायचो आणि ‘तुम्ही’ म्हणायचो. सवय नसल्यामुळे दर वाक्याला जीभ अडखळायची.

द्रव भरला, काजळी टाकली, ऊब दिली, ऑक्सिजन सोडला. यातली खुबी अशी आहे की आत काम सुरू झालं की ते ऑक्सिजन खातं. खातंय म्हणूनच आपण सुरक्षित असतो. खाल्लं नाही तर तो द्रवाच्या वर साठत जातो, आणि तो द्रव पेट घेणारा आहे. म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन आहे ते सांगणारा एक मीटर असतो, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. पण सुरुवातीला आकडा जरा वरखाली होणारच, उगाच चाचणी तुटायला नको, म्हणून आत्तासाहेबांनी सही करून ते आपोआप बंद होणं त्या दिवसापुरतं काढून ठेवलं होतं. मी नको म्हटलं होतं. माझं कोण ऐकतो!

वेळ जात राहिला. ऑक्सिजन खाल्ला गेला की दाब उतरतो, पण तो तसूभर हलेना. बाहेरच्या वायूतला ऑक्सिजन मात्र चढायला लागला.

‘‘घोडं कुठं पेंड खातंय?’’ आत्तासाहेब म्हणाले.

‘‘सुरुवातीला जरा वेळ लागतो,’’ वहिनी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. पण तिने माझ्या खुर्चीची पाठ धरली होती आणि ती थरथर मला पाठीत कळत होती.

आणखी वेळ गेला. आकडा हद्दीच्या पुढे गेला. दिवा तांबडा झाला, एरवी याच्या आधीच व्हॉल्व्ह बंद झाला असता. मी मान वळवून पाहिलं, तर वहिनी दिव्याकडे बघतच नव्हती. ती काचेपलीकडच्या भांड्याकडे बघत होती.

‘‘तापमान वाढवा,’’ आत्तासाहेब म्हणाले. ‘‘थंड आहे म्हणून झोपलंय. आत्ता वाढवा.’’

‘‘नाही,’’ वहिनी म्हणाली. ‘‘ऑक्सिजन बंद करा.’’

‘‘मॅडम, वेळ लागतो असं तुम्हीच लिहिलंय.’’

‘‘तो वेळ कधीच उलटून गेला. आता गरम केलंत आणि जाग आली, तर वर साठलाय तेवढा सगळा ऑक्सिजन ते एकदम खाईल. मग त्याला आवरायला तुम्ही आत जाणार?’’

‘‘मी सांगेपर्यंत कोणी काही बंद करायचं नाही. वाढव रे तापमान.’’

हे ‘रे’ मला उद्देशून होतं. माझा हात दोन बटणांच्या मधे होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला भांड्याची नव्हे, नोकरीची भीती वाटली. चाचणी बंद झाली की क्रोम राहिलं आणि वहिनीचा विभाग गेला, हेही डोक्यात होतं. मनात आलं, जरा तापवून बघितलं तर काय बिघडतं, कदाचित सुरू होईलही.

‘‘भाऊजी,’’ वहिनी म्हणाली, सगळ्यांसमोर. ‘‘बंद करा.’’

मी ऑक्सिजन बंद केला आणि नायट्रोजन सोडला.

‘‘कोणाच्या परवानगीने?’’ आत्तासाहेब ओरडले.

‘‘हात माझा आहे साहेब,’’ मी म्हणालो. एवढं बोलायचं धैर्य कुठून आलं देव जाणे, पण आवाज चिरकला. नायट्रोजन आतला ऑक्सिजन हळूहळू बाहेर काढत होता आणि आम्ही सगळे त्या आकड्याकडे डोळे लावून उभे होतो. तो एक एक करून खाली येईपर्यंत माझ्या शर्टाचं पार पोतेरं झालं. तांबडा दिवा विझला तेव्हा कुणीतरी पाणी मागितलं.

‘‘तुमची भुकटी फुसकी निघाली,’’ आत्तासाहेब वहिनीला म्हणाले.

‘‘हो,’’ ती म्हणाली. मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला. ‘‘या भांड्याला आतून काय आहे?’’

‘‘काचेचा मुलामा. नवीन आहे. आतल्या मालाला पोलादाचा स्पर्शसुद्धा होत नाही,’’ आत्तासाहेब अभिमानाने म्हणाले.

वहिनीचा चेहरा मी आजारपणातही इतका पांढरा पाहिलेला नाही. तिने पर्स उचलली आणि ती सरळ निघून गेली.

मला हुकूम मोडल्याबद्दल चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दारात उभी. ‘‘घरी बसलाच आहात तर चला. बोल्ट आवळायला माणूस हवाय.’’

संस्थेत तिची विद्यार्थिनी वाटच बघत होती. तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता, सगळा काजळीवर. मी पाना घेऊन तयार झालो. वहिनीने म्हातारीत द्रव ओतला आणि झाकणाला हात घातला.

‘‘मॅडम, पूड राहिली,’’ विद्यार्थिनी डबी पुढे करून म्हणाली.

‘‘राहू दे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘राहू दे म्हटलं ना.’’

मी बोल्ट आवळले. ऑक्सिजन सोडला. तिघंही दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. बराच वेळ काटा होता तिथेच होता. वहिनीच्या खांद्यांवरचा ताण किंचित उतरल्यासारखा वाटला. मग काटा खाली सरकला. आधी मला वाटलं, डोळे थकले. पण तो सरकतच राहिला, अगदी गुमान, रोजच्या वाटेने निघाल्यासारखा.

‘‘चाललं की!’’ मी ओरडलो. मला खरंच आनंद झाला होता. डोक्यात भुसा आहे हे तिथे सिद्ध झालं.

विद्यार्थिनीने तोंडावर हात धरला. वहिनी स्टुलावर बसली. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. शेजारीण घरात नव्हती आणि तरी भांडण लागलं होतं.

‘‘पूड न घालता कधी करूनच बघितलं नव्हतं?’’ मी विचारलं. प्रश्न दुष्ट होता, पण तोंडातून गेला.

‘‘बघितलं होतं. काचेच्या फ्लास्कमध्ये. तिथे पूड नसली की काही होत नव्हतं, आणि पूड घातलेलं प्रत्येक काम म्हातारीतच केलं, म्हणून समजलं की पुडीनेच होतं.’’ ती काट्याकडेच बघत बोलत होती. ‘‘म्हातारी मिळायला मारामार असायची हो. तिच्यात रिकामं काम करून एक अख्खा दिवस कोण वाया घालवणार?’’

पुढचे काही दिवस तिने झपाटल्यासारखं काम केलं. म्हातारीला ॲसिडने घासलं, झाकणाखालची खाच ब्रशने कोरली, ढवळणीचे आटे धुतले. मग काजळी घालून चालवलं. काटा ढिम्म. धुतलेल्या ॲसिडची तपासणी केली, तर त्यात कोबाल्ट, म्हणजे तिला नको होता तो धातूच. सरांनी वर्षानुवर्षं जे वापरलं ते भांड्याच्या खड्ड्यांत, आट्यांत, झाकणाखाली जाऊन बसलं होतं आणि दर खेपेला कणभर सुटून सगळं काम करत होतं. म्हातारी रुसत नव्हती. घासली की तिच्याजवळचं संपत होतं, आणि खाचाखोचांतून पुन्हा पाझरेपर्यंत ती रिकामी असायची. इतकी शिकलेली माणसं हे दर वर्षी नव्या पोरांना सांगत आली आणि हसत आली. मला त्या सगळ्यांचा, वहिनीसकट, इतका राग आला की मी पाना टेबलावर आपटला. तिने तो उचलून जागेवर ठेवला.

तेवढ्यात आत्तासाहेबांचा फोन आला. भांड्याच्या मुलाम्याचा प्रश्न तिने विचारल्यापासून त्यांचंही डोकं चालू होतं. ‘‘काचेचा घोळ आहे ना? मग पोलादाचं लावू. तुमच्या भांड्याला आतून जे काही लागलेलं असेल ते आमच्या भांड्याला एकदा चोपडून द्या. मग तुमची पूड टाकू, तुमच्या नावाने चालवू. कुणाला काही सांगायची गरज नाही. कळवा. आत्ता कळवा.’’

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात भांडण झालं, तसं आमच्या घरात कधी झालेलं नाही. आणि कधी नव्हे ते दादा आणि मी एका बाजूला होतो.

‘‘क्रोम जातंय ना?’’ दादा म्हणाला. बोलताना त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते, चिडला की जास्त. ‘‘विभागातली पोरं पंचविशीची आहेत. त्यांच्या नाकाशी कुणाच्या नावाची पाटी लागते याचा काय संबंध?’’

‘‘आणि तुझी सगळी वर्षं पाण्यात घालायची?’’ मी म्हणालो. ‘‘तू काय चोरी केलीस? चुकलं. मूग गिळून गप्प बसायचं. काम तर होतंय!’’

‘‘त्या मुलीच्या प्रबंधाचा तरी विचार कर,’’ दादा म्हणाला.

वहिनी चहाचे कप विसळत होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज भलताच शांत होता. मला तो आवाज माहीत आहे. माझ्या गणिताच्या पेपरांच्या वेळी तो असायचा.

‘‘चोपडलेलं किती दिवस टिकेल?’’ तिने विचारलं.

दादाने खांदे उडवले.

‘‘मलाही माहीत नाही. दर खेपेला थोडं थोडं धुऊन जाणार. म्हातारी बादलीएवढीसुद्धा नाही, तिच्यातलं संपलं तर आमचा एक दिवस फुकट जायचा. तुमच्या दोन मजली भांड्यातलं संपलं तर काय होईल, ते त्या दिवशी बघितलंत. आणि तेव्हा निदान मी मागे उभी होते. पुढच्या वेळी नसेन. साहेब म्हणतील पूड आणखी टाका. कुणी म्हणेल गरम करा. पॅनेलवरच्या माणसाला कळणारसुद्धा नाही की आत जे काम करत होतं ते संपलंय. कारण काम पूड करते असं मीच त्याला लिहून दिलेलं असेल.’’ तिने पुढचा कप उचलला. ‘‘आणि पॅनेलवर कोण असतं?’’

दादाने माझ्याकडे पाहिलं.

‘‘मग कोबाल्ट मोजून घाल ना,’’ मी म्हणालो. ‘‘दर वेळी मोजून घातला तर संपायचा प्रश्नच नाही.’’

‘‘तेच करायचंय.’’

‘‘मग झालं तर!’’

‘‘झालं ना. कोबाल्ट मोजून घातला की पूड कशाला हवी?’’

आत्तापर्यंत मला वाटत होतं की ती खरं सांगायचं की नाही हे ठरवते आहे. ते तिचं कधीच ठरलं होतं, बहुधा काटा सरकला तेव्हाच. ती आमच्यावर एवढ्याचसाठी चिडली होती की निदान घरच्यांनी तरी तिला हे तोंडाने बोलायला लावू नये. दादा उठला, तिच्या हातातला कप काढून घेतला आणि स्वतः विसळायला लागला.

माझ्या चौकशीचा दिवस आणि तिच्या भेटीचा दिवस एकच निघाला. आत्तासाहेबांच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिने जे होतं ते सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. काजळी काही करत नाही. काम कोबाल्ट करतो. तो मोजून घाला, मुलाम्याचंच भांडं ठेवा, धुऊन निघणारा कोबाल्ट सांडपाण्यात सोडू नका, परत गोळा करा. ऑक्सिजन आपोआप बंद होणं कुणाच्याही सहीने काढता येणार नाही असं करा. आत्तासाहेब खुर्चीत मागे रेलले.

‘‘मग यात तुमचं काय?’’

‘‘काही नाही. कोबाल्टचं काम माझ्या सरांचं. त्यांच्या आधीही लोकांना ठाऊक होतं.’’

‘‘म्हणजे इतकी वर्षं तुम्ही कोळसाच उगाळत होता म्हणा की!’’ आत्तासाहेब हसले. त्यांचा इंजिनियर हसला. मी उठलो, पण वहिनीने माझी बाही धरून मला खाली बसवलं. तीही जरा हसली, म्हणाली, ‘‘हो. आणि बारीक उगाळत होते.’’ ते हसणं तिला केवढ्याला पडलं असेल, हे माझ्याशिवाय तिथे कुणाला कळलं नाही.

माझी चौकशी तिथेच आटोपली. तांबडा दिवा लागूनही गरम करायला सांगितलं होतं, हे कागदावर येणं साहेबांनाच परवडणारं नव्हतं.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. तिने स्वतःहून मासिकांना लिहून आपले लेख मागे घेतले, एकेक करून. पुरस्कार परत पाठवला, तर त्यांनी परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही असं कळवलं, म्हणून तो कपाटावर पालथा पडून आहे. संस्थेत काही लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं. एक जण म्हणाला, बाईंना प्रामाणिकपणाची हौस फार. विद्यार्थिनी आधी रडली, मग भांडली. ‘‘तुमचं सगळं करून झालंय मॅडम, माझं आत्ता सुरू होत होतं,’’ असं ती म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. तिने दुसरा गाइड घेतला. वहिनीशी ती अजूनही बोलत नाही. विभाग बंद झाला आणि वहिनीला संस्थेच्याच कॉलेजात खालच्या वर्गांना प्रयोगशाळेत टायट्रेशन शिकवायला बसवलं.

कारखान्यात नवी पद्धत सुरू व्हायला बराच काळ गेला. पहिल्या दिवशी पॅनेलवर मीच होतो. मी मागितलंच होतं. वहिनीला कुणी बोलावलं नव्हतं. कोबाल्ट मोजून घातला, ऊब दिली, ऑक्सिजन सोडला. मी त्या मीटरकडे बघत होतो. मागे कुणी नव्हतं, आणि पाठीत ती थरथर नव्हती, त्याचीच उलट जास्त भीती वाटत होती. दाब खाली यायला लागला. बाहेरच्या वायूतला ऑक्सिजन हद्दीच्या खूप आत राहिला. पाळी संपेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही.

त्याच आठवड्यात क्रोम विभाग बंद झाला. माझी पाळी संपल्यावर छोटासा समारंभ झाला, भाषणं झाली. आत्तासाहेबांनी इंजिनियरचे आभार मानले, यंत्रं पुरवणाऱ्यांचे मानले, संचालकांच्या दूरदृष्टीचे मानले. वहिनीचं नाव आलं नाही. दादा पहिल्या रांगेत बसला होता आणि टाळ्या वाजवत होता, कारण त्याच्या विभागातली पोरं त्या दाराला कुलूप घालत होती आणि त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. मी मात्र दातओठ खात तिथून निघालो तो तडक घरी आलो.

वहिनी गॅलरीत धुतलेल्या चादरी घेऊन उभी होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

‘‘तुझं नावसुद्धा घेतलं नाही कुणी!’’ मी ओरडलो. ‘‘दगडधोंड्यांचे आभार मानले, तुझं नाव नाही. सगळं आयुष्य घातलंस. विभाग गेला, लेख गेले, त्या पोरीने तोंड फिरवलं. काय मिळालं तुला? काय लागलं तुझ्या हाताला, सांग ना!’’

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पायांपर्यंत, बाहेरून पडून आलेल्या लहान मुलाला आई चाचपते तसं, फक्त डोळ्यांनी.

‘‘आज पॅनेलवर होतात ना तुम्ही?’’

‘‘होतो.’’

‘‘आणि घरी आलात.’’

मी भांडायला आलो होतो आणि माझ्याजवळचं सगळं भांडण संपलं. मी तसाच उंबऱ्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो, एवढा बाप्या माणूस. मग ती ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘‘पिळा.’’